सोनेरी छताचे तीन भागीदार

राजवाड्यांतली चित्रं आणि रंगकाम सरकारनं जपायचं की धनिकांनी, हा वाद जुना आहे. त्याचं उत्तर बदलापुरातल्या कात्रपकरांना एका लोकलच्या अंतरावर पाहायला मिळतं. बदलापूरला गाडी पकडायची, भायखळ्याला उतरायचं आणि राणीच्या बागेत शिरायचं. तिथलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय काही राजवाडा नव्हे. पण ओतीव लोखंडाचे खांब, सोन्याचा वर्ख आणि छतावरची रंगीत स्टेन्सिल नक्षी पाहिली की आपण महालातच उभे आहोत असं वाटतं.

ही वास्तू मुळात भागीदारीतूनच उभी राहिली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली ती लोकवर्गणीच्या भरवशावर. कुष्ठरोगावर औषध शोधणारे आणि जुने शिलालेख वाचणारे भाऊ दाजी त्या खटपटीत पुढे होते, जगन्नाथ शंकरशेटही होते. १८६५ मध्ये कापसाचा भाव कोसळला, शेअरबाजार बुडाला, वर्गणी आटली. उरलेलं काम सरकारनं पुरं केलं आणि १८७२ मध्ये दारं उघडली.

पुढे पडझड झाली. २००३ मध्ये दुरुस्तीसाठी करार झाला तो तिघांचा: वास्तू मुंबई महापालिकेची, मोठा आर्थिक भार जमनालाल बजाज फाउंडेशनचा, जाणकारी वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेची. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम चाललं. अशा कामात रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडतात. आधी ओल कुठून येते ते शोधावं लागतं, कारण भिंत ओली असेल तर क्षार वर येतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. नंतरच्या काळात चढवलेले थर बारीक पात्यानं हळूहळू काढायचे, मूळ रंग जिथं टिकलाय तिथं त्याला हात लावायचा नाही, गेलाय तेवढ्याच जागी भरायचं. कारागिराची सगळी कसोटी या संयमात आहे. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुलं झालं.

पण मुंबईचा पाऊस करार वाचत नाही. २०२० मध्ये कोविडमुळे दारं बंद झाली, त्यात छताला गळती लागली. पुन्हा दुरुस्ती करावी लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये लोकांना आत जाता आलं. म्हणून मला वाटतं, अशा प्रत्येक करारात दरवर्षी पावसाळ्याआधी छत तपासण्याचा खर्च पहिल्याच पानावर लिहिला जावा आणि त्यावर तिन्ही भागीदारांच्या सह्या असाव्यात.