दुव्याचा पत्ता कोणी वाचावयाचा?

बंद घराच्या दारावर चिठ्ठी असते : ‘कागद माडीवरच्या कपाटात आहेत.’ ही चिठ्ठी कोणी आपल्या घरी नेली आणि आपल्याच माडीवरचे कपाट धुंडाळले, तर ते कागद सापडावयाचे नाहीत. संगणकातील सांकेतिक दुव्याची गत पुष्कळदा अशीच होते. दुवा म्हणजे मूळ फाईल नव्हे, तिची नक्कलही नव्हे. दुसऱ्या जागेचा पत्ता लिहिलेली ती केवळ चिठ्ठी होय. युनिक्सच्या बर्कली शाखेत ही सोय १९८३ साली आली. विंडोजमध्ये ती व्हिस्टाबरोबर, म्हणजे २००७ च्या सुमारास अवतरली.

एकाच यंत्रावर तंटा नसतो. फोल्डर जाळ्यावरून सामाईक केला, की पत्ता वाचावयाचा कोणी, हा प्रश्न उभा राहतो. एनएफएस पद्धतीत सेवा देणारे यंत्र दुव्यातील मजकूर जसाच्या तसा हाती ठेवते. वाट शोधावयाची ती मागणाऱ्याने. दुव्यात मुळापासूनचा पूर्ण मार्ग असेल, तर मागणारा तो स्वतःच्याच यंत्रात शोधतो. तेथे तो नसेल, तर दुवा तुटका दिसतो. त्याच नावाची निराळी फाईल असेल, तर ती उघडते. आणि हे अधिक वाईट, कारण घोटाळा झाल्याचे कोणास कळतही नाही. उतारा साधा आहे : मूळ फाईल सामाईक फोल्डरातच ठेवावी आणि दुव्यात ‘एक पायरी वर, मग शेजारच्या दालनात’ अशा थाटाचा सापेक्ष मार्ग लिहावा.

ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी आरंभिलेल्या साम्बाची रीत उलटी. येथे लिनक्स यंत्र विंडोजला सेवा पुरवते आणि दुव्याचा माग सहसा तेच काढते. विंडोजवाल्यास सरळ फाईलच दिसते. मात्र दुवा सामाईक फोल्डराबाहेर नेऊ लागला, की दार बंद. मग वैतागून ‘वाइड लिंक्स’ ही परवानगी खुली करण्याचा मोह होतो. तो आवरावा. दुवे निर्माण करू शकणारा मनुष्य तिच्या आधारे त्या यंत्रावरील भलत्याच कागदांपर्यंत पोचू शकतो. २०१० साली हा धोका चव्हाट्यावर आल्यावरच ती परवानगी मुळात बंद ठेवण्याचे ठरले. बाहेरचा फोल्डर हवाच असेल, तर तो ‘बाइंड माउंट’ करून आत आणणे बरे.

विंडोजचाही आपला सोवळेपणा आहे. दूरच्या यंत्रावरील दुवा परत आपल्याच यंत्राकडे किंवा दूरच्याच जागेकडे नेत असेल, तर विंडोज तो आपण होऊन अनुसरत नाही. ‘एफएसयूटिल’ ही आज्ञा हे धोरण दाखविते व बदलतेही.

कधी दुव्याच्या जागी नेमकी १,०६७ बाइटांची, ‘एक्स-सिम’ या अक्षरांनी आरंभ होणारी फाईल आढळते. ती कचरा समजून पुसू नये. लिनक्स किंवा मॅक यंत्राने दुवाच साध्या फाईलचे रूप देऊन ठेवलेला असतो. जोडणी करताना ‘एमएफसिमलिंक्स’ हा पर्याय दिला, की लिनक्स तो पुन्हा दुवा म्हणून वाचते.