देग आणि भपका

मृगाचा पहिला पाऊस पडला की अंगणातून येणारा वास दोन-चार मिनिटांत विरून जातो. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजचे कारागीर तोच वास तांब्याच्या भांड्यात धरून बाटलीत भरतात. त्याचं नाव मिट्टी अत्तर. माणसाने नाकासाठी केलेल्या उद्योगांत याहून सुंदर उद्योग मला तरी माहीत नाही.

कन्नौज ही एके काळी सम्राट हर्षवर्धनाची राजधानी. आज हे गंगाकाठचं गाव ओळखलं जातं ते पिढीजात अत्तर-कारखान्यांसाठी. कारखाना म्हणजे तरी काय? विटांची भट्टी, भट्टीवर तांब्याची मोठी देग आणि शेजारी पाण्याने भरलेली टाकी. तिला गच्ची म्हणतात. त्या पाण्यात भपका बसवलेला असतो. मराठीत भपका म्हटलं की डामडौल डोळ्यांपुढे येतो, पण हा भपका म्हणजे गोल पोटाचं, लांब मानेचं, काळवंडलेलं तांब्याचं भांडं. भापेवरून, म्हणजे वाफेवरून, त्याचं नाव पडलं. देगेतून भपक्यात उतरते ती सुतळी गुंडाळलेली बांबूची नळी, तिचं नाव चोंगा.

गुलाब पहाटे खुडून आणतात, कारण ऊन चढलं की वास उडू लागतो. पाकळ्या नि पाणी देगेत घालून झाकण बसवतात आणि त्याची कड कापूस कालवलेल्या मातीने लिंपतात. लिंपण जरा जरी तडकलं, तरी सुगंध तिथून निसटतो. खाली लाकूड, शेणी पेटवतात. वाफ चोंग्यातून भपक्यात येते, गार होते आणि तिथे आधीच ओतलेल्या चंदनाच्या तेलात आपला वास सोडते. अल्कोहोलचा थेंबही लागत नाही.

या यंत्राला काटा नाही, तापमापी नाही. भट्टी सांभाळणारा माणूस गच्चीच्या पाण्यात हात घालून भपक्याचं पोट चाचपतो. कुठवर कोमट लागतं, यावरून तो किती भरलाय हे त्याला कळतं. देग फार तापली तर ओलं फडकं फिरवतो, सरपण मागे ओढतो. जाळ जास्त झाला तर फूल करपतं आणि करपलेला वास तेलातून पुन्हा काही निघत नाही. भपका निवला की तळाचं पाणी काढून देगेत परत घालतात, तेल मात्र वरच राहतं. मग पुन्हा ताजी फुलं. असं कित्येक दिवस चालतं, तेव्हा कुठे तेल सुगंधाने भरतं.

मिट्टी अत्तरासाठी फुलांच्या जागी भाजलेल्या मातीच्या चकत्या घालतात. कोरड्या भाजल्या मातीला पाणी लागलं की ती वास सोडते, तोच इथे वाफेवर स्वार होतो. 1964 साली इझाबेल जॉय बेअर आणि आर. जी. थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये या वासावर लेख लिहिला आणि त्याला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. हिंदुस्थानात हा वास चंदनतेलात धरतात, याची नोंद त्यांनीही घेतली होती. शास्त्राने नाव ठेवण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या कारागिराने तो बाटलीत भरला होता, याचा मला अभिमान वाटतो.

‘कन्नौज परफ्यूम’ला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नाव जपलं जाईल, पण मला खरी काळजी आहे ती चंदनाची. ते इतकं महागलं, की पुष्कळ ठिकाणी भपक्यात आता लिक्विड पॅराफिन ओततात. देग तीच, फुलं तीच, हातही तोच. पण चंदन फुलाचा वास नुसता साठवत नाही, त्याला अंगावर टिकवून धरतं, हळूहळू खुलवतं. लहानपणी हळदीकुंकवाला आजी अत्तरदाणीतून माझ्या हाताच्या पाठीवर बोट टेकवायची. दुसऱ्या दिवशी शाळेत पाटी पुसताना हात नाकाजवळ आला, की गुलाब संपून चंदन उरलेलं असायचं.

म्हणून हल्ली मी दुकानात कुपी लगेच नाकाला लावत नाही. आधी विचारते, तेल कशाचं? मग हातावर एक थेंब घेते आणि संध्याकाळपर्यंत थांबते.