आडवा तक्ता उभा करताना

रत्नागिरी जिल्ह्याच्या पावसाचा तक्ता सहसा आडवा असतो: डावीकडे मंडणगडापासून राजापूरपर्यंत 9 तालुके, वर जून ते सप्टेंबर हे 4 महिने. वाचायला सोपा, पण विश्लेषणाला अडचणीचा. तिथे दर ओळीत एकच नोंद हवी: तालुका, महिना, मिलिमीटर. म्हणजे 36 ओळी. एक्सेलमधलं ‘ट्रान्सपोज’ इथे कामाचं नाही. ते तक्ता फक्त फिरवतं.

सूत्र भागाकारावर चालतं. नव्या ओळीच्या क्रमांकातून 1 वजा करा, 4 ने भागा. भागाकारात 1 मिळवला की तालुक्याचा क्रम, बाकीत 1 मिळवला की महिन्याचा. 23 वी ओळ घ्या: 22 भागिले 4, भागाकार 5, बाकी 2. सहावा तालुका संगमेश्वर, तिसरा महिना ऑगस्ट. ‘इंट’ आणि ‘मॉड’ हे आकडे काढतात, ‘इंडेक्स’ त्या घरातली नोंद उचलून आणतं. नव्या एक्सेलमध्ये आकडे एका रांगेत आणायला ‘टूकॉल’ आहे.

खरी काळजी रिकाम्या घरांची. ‘इंडेक्स’ रिकाम्या घराचं शून्य करून देतं. जुलै 2021 मध्ये चिपळुणात महापूर आला होता. त्या महिन्याची नोंद राहून गेली असेल, तर सूत्र तिथे खुशाल ‘पाऊस 0’ लिहील आणि जिल्ह्याची सरासरी खाली ओढेल. म्हणून ‘इफ’ लावून रिकामं घर रिकामंच ठेवा. ‘टूकॉल’ला रिकामी घरं गाळायला सांगितलंत, तर पुढचे सगळे आकडे वर सरकतात आणि पुढच्या तालुक्याचा पाऊस चिपळूणच्या नावावर चढतो.