लवचीकता हवीय? दोराचा मल्लखांब बघा
मांडव्याच्या वाळूवर सकाळी धावणाऱ्या पोरापोरींनो, दम वाढतोय, पण वाकल्यावर बोटं पायाला टेकत नाहीत ना? दोराचा मल्लखांब शिका. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत सुती दोर धरून अढी घालायची. सुरुवातीला तिथलं कातडं सोलवटतं, नंतर सरावतं. पकड, पोट, पाठ, मांड्या सगळं एकदम कामाला लागतं. जिमच्या मशीनला हे जमत नाही, हे माझं स्पष्ट मत! आधी अंग गरम करा, हिसके देऊ नका.

पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा २०१९ मध्ये समोरच्याच मुंबईत, शिवाजी पार्कला झाली. तिथल्या समर्थ व्यायाम मंदिराचे मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दोर घरी टांगू नका, प्रशिक्षकाकडेच शिका.