मनोरुग्णांची औषधे : मात्रा, पथ्य आणि परिचर्या

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रुग्ण. उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ राहून त्याची शुश्रूषा करणारा. आजच्या भाषेत परिचारक किंवा परिचारिका. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी स्नेह आणि शुचिता हे त्याचे चार गुण ग्रंथकाराने नोंदविले आहेत. इतर व्याधींत 'मला हे औषध सोसत नाही' असे रुग्ण स्वतः सांगू शकतो. मनाच्या विकारात ते सांगण्याची शक्तीच अनेकदा हरपलेली असते. म्हणून मनोरुग्णाची सुरक्षितता, गोळी घेतल्यानंतर त्याच्याकडे कोण पाहते आहे, यावर फार अवलंबून असते. या एकाच मुद्द्याचा विचार येथे करावयाचा आहे.

मनोविकारांवरील आधुनिक औषधांचा इतिहास शंभर वर्षांचाही नाही. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचे उन्मादावरील व रक्तदाबावरील उपयोग १९३१ साली प्रसिद्ध केले. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा, तर १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिनचा गुण दाखवून दिला. कोठडी आणि साखळदंड यांपलीकडे काही उपाय आहे, हे यामुळे जगाला कळले. परंतु जे द्रव्य मनावर इतका प्रभाव पाडते, ते मात्रा चुकली की तितकीच हानीही करते. याचे उदाहरण शोधावयास आपल्याला दूर जावे लागत नाही.

गोदावरीपलीकडच्या निझामाबादेत आणि तेलंगणाच्या इतर अनेक भागांत ताडी व शिंदी ही श्रमिकांची नित्याची पेये आहेत. झाडाचा रस कमी आणि मागणी अधिक, म्हणून त्यात पाणी घालून नशेसाठी डायझेपाम, अल्प्राझोलाम आणि क्लोरल हायड्रेट मिसळण्याचा दुष्ट व्यवहार तेथे वर्षानुवर्षे चालला. यांपैकी पहिली दोन चिंता व निद्रानाश यांवरची, वैद्याच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे. तिसरेही जुने निद्राकारक औषधच. पिणाऱ्यांना आपण औषध घेत आहोत याचा पत्ताही नव्हता. २०१५ साली शासनाने या भेसळीविरुद्ध कठोर मोहीम हाती घेतली आणि सप्टेंबरात निझामाबाद, महबूबनगर या जिल्ह्यांतील रुग्णालयांत माणसांची रीघ लागली. कोणाचे हातपाय थरथरत होते, कोणाला झोप नव्हती, कोणाला फेफऱ्यासारखे झटके येत होते, कोणी नसलेल्या माणसांशी बोलत होते. काही जण दगावले.

यामागची क्रिया समजून घेण्याजोगी आहे. ही औषधे मेंदूची उत्तेजना दाबून ठेवतात. दीर्घकाळ ती मिळाली की मेंदू त्या दाबाच्या हिशेबाने स्वतःला जुळवून घेतो. दाब एकाएकी निघाला म्हणजे दबलेली उत्तेजना उसळून वर येते. अल्प्राझोलामचा प्रभाव लवकर ओसरतो, त्यामुळे हे संकट एकदोन दिवसांतच उभे राहते. त्यावरचा उपाय असा की दीर्घकाळ टिकणारे त्याच जातीचे औषध वैद्याच्या देखरेखीखाली द्यावयाचे आणि ते पायरीपायरीने उतरवत न्यावयाचे. औषध सुरू करणे जितके जोखमीचे, तितकेच ते थांबविणेही.

आता रुग्णालयातील परिचर्येकडे वळू. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ आणि योग्य मार्ग ही पंचसूत्री प्रत्येक परिचारिका शिकते. मनोरुग्णाच्या कक्षात तिचे पहिलेच सूत्र अवघड होते. कारण गोंधळलेला रुग्ण शेजाऱ्याच्या नावालाही 'ओ' देतो. तेव्हा केवळ हाकेवर विसंबून न राहता ओळखपट्टी पाहावी लागते. काही रुग्ण गोळी गालात दडवितात. ती साठवून पुढे एकदम गिळण्याचा धोका असतो. तोंड तपासणे आवश्यक असते. मात्र ते कैद्याची झडती घेतल्यासारखे होऊ नये. चरकाने ज्ञानाबरोबर स्नेह का सांगितला, ते येथे उमगते.

गोळी पोटात गेल्यावर खरे निरीक्षण सुरू होते. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने काहींची मान अचानक वाकडी होते, डोळे वर चढतात, जीभ जड होते. घरचे लोक त्याला अंगात आले म्हणतात. वास्तविक तो औषधाचा परिणाम असतो आणि योग्य इंजेक्शनाने बहुधा थोड्याच वेळात ओसरतो. अंग काष्ठासारखे ताठ होऊन तीव्र ज्वर आला व शुद्ध हरपू लागली, तर मात्र जिवाचा प्रश्न असतो. क्लोझापिन घेणाऱ्यास ताप वा घसादुखी झाली तर ती साधी समजू नये. रक्तातील पांढऱ्या पेशी त्वरित मोजाव्या लागतात.

आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा हाही या विषयाचा भाग आहे. येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लिथियमची रक्तातील मात्रा सर्वसाधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल राखतात, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. इतके अरुंद अंतर फार थोड्या औषधांत असते. घामाने किंवा जुलाबाने शरीरातील मीठपाणी गेले की मूत्रपिंड मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवते आणि गोळी तीच असूनही मात्रा वाढते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅकची गोळीही हेच करते. हात जोराने कापू लागले, उलट्या-जुलाब झाले, बोलणे बोबडे झाले, चाल अडखळू लागली, तर पुढची गोळी देण्यापूर्वी रुग्णाला औषधाच्या वेष्टनासह रुग्णालयात न्यावे. पुरेसे पाणी आणि नेहमीइतके मीठ हे या औषधाचे पथ्यच होय. अन्य अनेक मनोविकार-औषधांनी घाम येण्याची क्रियाही मंदावते; अशा रुग्णास भर दुपारी शेतात पाठवू नये.

हे सारे घरच्या माणसांना कोणी सांगावयाचे? आदिलाबादहून एर्रागड्ड्याचे मनोरुग्णालय सुमारे ३०० किलोमीटरवर, नागपूरचे सुमारे २०० किलोमीटरवर. तेथून रुग्ण परतला की घर हाच त्याचा कक्ष आणि आई, पत्नी वा भाऊ हेच उपस्थाता होतात. त्यांच्या हाती चिठ्ठी असते इंग्रजीत, सूचना मिळते तेलुगूत, आणि घरची भाषा मराठी, गोंडी किंवा कोलामी. 'दोन वेळा' की 'दोन गोळ्या', एवढ्या एका गैरसमजाने मात्रा दुप्पट होते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २२ ने योजलेल्या उपचारांची व त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळण्याचा अधिकार दिला आहे. भाषेच्या अभ्यासकाला हे कलम विशेष मोलाचे वाटते. कारण येथे मातृभाषा हा अभिमानाचा विषय उरत नाही, ती औषधाइतकीच गरजेची वस्तू ठरते.

आपल्या शाळेच्या ज्या विद्यार्थिनी आज परिचारिका आहेत, त्यांना या प्रदेशातल्या दोन-तीन भाषा सहज येतात. सूचना सांगून झाल्यावर ती नातेवाइकांकडून त्यांच्या शब्दांत वदवून घ्यावी, एवढी एक सवय अनेक संकटे टाळील. घरच्यांनीही बरे वाटू लागले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. रात्री-अपरात्री शंका आली तर २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक भारतीय भाषांतून उत्तर देतो. औषध वैद्य देतो, ते शास्त्र घडविते. पण ते रुग्णाला मानवते की नाही, हे प्रथम कळते ते त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला. त्या माणसाला काय पाहावे हे ठाऊक असले, तर चिकित्सेचा तिसरा पाद भक्कम राहील.