म्हाताऱ्या मोटारीची नाडीपरीक्षा

मोटार जुनी झाली कीं तिच्याविषयीं घरांत दोन तक्रारी एकदमच सुरू होतात. गाडी पूर्वीसारखी ओढत नाहीं ही पहिली, आणि पेट्रोल मात्र पूर्वीपेक्षां अधिक पिते ही दुसरी. गॅरेजांतील मिस्त्री हेंच ‘पिकअप नाहीं’ व ‘अॅव्हरेज देत नाहीं’ अशा सुटसुटीत शब्दांत सांगतो. काम कमी आणि खाणें अधिक असें झालें, म्हणजे गाडीला म्हातारपण आलें असें म्हणून घरचीं माणसें मोकळीं होतात. परंतु म्हातारपण हें कांहीं रोगाचें नांव नव्हे. पेट्रोलमधील शक्ति चाकांपर्यंत पोंचत नाहीं, एवढेंच हीं दोन लक्षणें सांगतात. ती वाटेंत कोठें गळते हें शोधून काढणें, हेंच खरें निदान होय.

समजा, पुण्यांतील एका घरीं प्रीमियर पद्मिनी आहे. फियाट ११०० या इटालियन गाडीची ही भारतीय आवृत्ति मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होत असे. मुंबईची टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या ओळखीची झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें तिची शेवटची टॅक्सीहि रस्त्यावरून निवृत्त झाली. १०८९ घन सेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्यूटर, एवढाच तिचा संसार. संगणक तींत नाहीं, म्हणून दोष दाखविणारा दिवाहि नाहीं. वडिलांनीं हौसेनें घेतलेली ही गाडी आतां चिरंजीव सांभाळीत आहेत. साताऱ्यास जातांना खंबाटकीच्या घाटांत जो चढ ती तिसऱ्या गिअरमध्यें चढत असे, तेथें आतां दुसरा टाकावा लागतो. आणि लिटरला १२ किलोमीटर जाणारी गाडी ९ वर आली आहे. मिस्त्रीनें इंजिन उघडावयास सांगितलें आहे. तो खर्च करावा, कीं वडिलांची आठवण भंगारांत द्यावी, अशा पेचांत कुटुंब सांपडलें आहे.

अशा वेळीं पहिलें काम हत्यार हातीं घेण्याचें नव्हे, मोजण्याचें. टाकी भरून घ्यावी, नेहमींच्या रस्त्यानें शंभर किलोमीटर जावें, आणि त्याच पंपावर पुन्हां त्याच पातळीपर्यंत पेट्रोल भरून किती लागलें तें वहींत टिपून ठेवावें. दोन-तीन वेळां असें केल्यावांचून अंदाजावर विसंबूं नये. पेट्रोलच्या नळ्या व सांधे कोरडे आहेत कीं नाहींत, हेंहि तेव्हांच पाहावें. वास येत असेल, तर गळती थांबेपर्यंत गाडी चालूच करूं नये; आग लागण्यास एक ठिणगी पुरते.

या हिशेबांत इंधनाचा वांटा आधींच वेगळा काढला पाहिजे. २०२५ पासून देशांतील बहुतेक पंपांवरील पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. एक लिटर इथेनॉलपासून मिळणारी उष्णता तेवढ्याच पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश असते. यामुळें गाडी निर्दोष असली तरी सहा-सात टक्क्यांची तूट येतेच. म्हणजे बाराचे अकराच्या किंचित् वर होतात. परंतु बाराचे नऊ होणें म्हणजे चौथाई तूट. उरलेल्या तुटीचें कारण गाडींतच शोधावयास हवें.

हा शोध चाकांपासून इंजिनाकडे करीत जावा, कारण त्या बाजूची तपासणी सोपी आणि स्वस्त असते. टायरमधील हवा कमी असेल तर गाडी जड होते, हें सर्वांस ठाऊक आहे. अडकलेला ब्रेक मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चाकाच्या ड्रममधील ब्रेक-सिलिंडरचा दट्ट्या गंजला, म्हणजे पाय काढल्यावरहि ब्रेक पुरता सुटत नाहीं. गाडी जॅकवर उचलून, खालीं भक्कम आधार देऊन, प्रत्येक चाक हातानें फिरवून पाहावें. एखादें चाक घट्ट फिरत असेल, किंवा प्रवासानंतर एकाच चाकाचा ड्रम इतरांपेक्षां फार तापत असेल, तर चोर सांपडला असें समजावें. हा दोष केवळ पेट्रोलच खात नाहीं. घाट उतरतांना असा तापलेला ब्रेक ऐन वेळीं दगा देतो. म्हणून ही परीक्षा पैशांसाठीं नव्हे तर जिवासाठीं करावयाची.

त्यानंतर क्लच. चढावर वरच्या गिअरमध्यें अॅक्सिलरेटर दाबला असतां इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाहीं, असें झालें तर क्लच घसरत आहे. तेथें इंजिन उघडून कांहींच साधणार नाहीं.

हें सर्व ठीक असेल तरच इंजिनाकडे वळावें. मात्र बंद गॅरेजांत तें चालू ठेवूं नये, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. एक लिटर पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें नऊ हजार लिटर हवा लागते. धुळीनें भरलेला एअर फिल्टर किंवा पुरती न उघडणारी चोकची झडप ही हवा अडविते, आणि अर्धवट जळलेलें पेट्रोल काळ्या धुराच्या रूपानें निघून जातें. कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटला बारीक भोंक पडलें, तरी हाच परिणाम होतो. उलट, जेट कचऱ्यानें तुंबला तर पेट्रोल कमी पडतें; अॅक्सिलरेटर दाबतांच गाडी अडखळते, आणि चालक पाय अधिकच दाबतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलनेंहि मिश्रण असेंच विरळ होतें.

या दोहोंतील भेद प्लग सांगतो. चारहि प्लग काढून क्रमानें ओळीनें मांडावे. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक. पांढुरका रंग म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता अधिक. आणि ओला, तेलकट काळेपणा म्हणजे इंजिनांतील ऑइल वर चढत आहे.

मिश्रण योग्य असलें, तरी ठिणगी वेळेवर पडली पाहिजे. दट्ट्या वर पोंचण्याच्या किंचित् आधीं ती पडावयास हवी. उशीर झाला, तर पेट्रोलचा जोर दट्ट्या ढकलण्याऐवजीं सायलेन्सर तापविण्यांत खर्च होतो. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटची टांच झिजली, म्हणजे पॉइंटचें अंतर कमी होतें आणि ठिणगी आपोआप मागें पडते. फीलर गेज, गाडीची पुस्तिका आणि अर्धा तास, एवढ्यावर हा दोष बहुधा दूर होतो.

सर्वांत शेवटीं इंजिनाचा दाब मोजावा. ठिणगीची मुख्य तार काढून, प्लगच्या जागीं दाबमापक लावून स्टार्टर फिरविला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा आंकडा मिळतो. एखाद्याचा दाब फार कमी आला, तर त्यांत चमचाभर ऑइल घालून पुन्हां मोजावें. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर दोष व्हॉल्व्हमध्यें किंवा गॅस्केटमध्यें आहे. इंजिन उघडण्याचा निर्णय या आंकड्यांनंतरचा आहे, आधींचा नव्हे.

आतां त्या पद्मिनीकडे पुन्हां वळूं या. तिचें मागचें एक चाक घट्ट फिरतें, पॉइंटचें अंतर निम्म्यावर आलें आहे, आणि चारहि सिलिंडरांचा दाब भरपूर व जवळजवळ सारखा भरतो, असें आढळलें तर? इंजिन उघडण्याचा खर्च वायां गेला असता, आणि अडकलेला ब्रेक तसाच राहिला असता. अशा वेळीं प्रथम ब्रेक सोडवावा, टाकी भरून मोजावें. मग पॉइंट नीट करावेत, आणि पुन्हां मोजावें. दोन दुरुस्त्या एकदम केल्या, तर गुण कोणत्या औषधानें आला हें कधींच कळत नाहीं. वहींतला आंकडा अकरापर्यंत आला, म्हणजे वडिलांची गाडी भंगारांत द्यावयाची नाहीं हें घरांत वेगळें सांगावें लागणार नाहीं. आणि साताऱ्याच्या वाटेवर तोच चढ ती पुन्हां तिसऱ्या गिअरमध्यें चढूं लागेल.