सातत्य आणि आवेग : वेरूळच्या कैलास लेण्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
महाविद्यालयीन जीवनात काम करण्याच्या दोन रीती नित्य आढळतात. काही जण रोज थोडे थोडे काम करतात. काही जण दीर्घकाळ थांबून अखेरच्या दिवसांत अहोरात्र खपतात. दुसऱ्या रीतीचे कौतुक अधिक होते, कारण ती डोळ्यांत भरते. प्रस्तुत लेखात या दोन्ही रीतींचा विचार वेरूळच्या १६ व्या क्रमांकाच्या, म्हणजेच कैलास लेण्याच्या आधारे करावयाचा आहे.

दंतकथेतील सात दिवस :
कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’ या ग्रंथात या मंदिराविषयी एक कथा येते. राजाला व्याधीतून आराम पडावा म्हणून राणीने शिवमंदिराचा नवस केला आणि शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न वर्ज्य केले. मंदिर पायापासून उभारावयाचे तर शिखर दिसण्यास वर्षे लागणार. तेव्हा पैठणचा कोकास हा शिल्पी पुढे आला. त्याने डोंगराच्या माथ्यापासून काम आरंभिले आणि आठवडाभरात शिखर दाखविले. राणीचा उपवास सुटला.

लोकमानसाने कोकासचे सात दिवस लक्षात ठेवले. परंतु शिखर दिसले म्हणजे मंदिर पूर्ण झाले, असे नव्हे. खाली सारा डोंगर कोरावयाचा शिल्लक होता.

खडकातील हिशेब :
हे लेणे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातील मानले जाते. त्याची कारकीर्द सुमारे इ. स. ७५६ ते ७७३, म्हणजे साधारण १८ वर्षांची. सर्व काम त्याच्याच काळात झाले की नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. हर्मन गोएट्झ यांनी ते अनेक राजांच्या काळात विभागले, तर म. के. ढवळीकर यांनी प्रमुख भाग कृष्णाच्याच कारकिर्दीतला मानला.

खोदून काढलेल्या दगडाचा अंदाज दीड ते दोन लाख टन असा केला जातो. दोन लाख टन आणि १८ वर्षे धरली, तर रोजचा वाटा सुमारे ३० टन, म्हणजे साधारण १० घनमीटर बेसॉल्ट एवढा येतो. एक कामगार दिवसाला घनमीटरचा दहावा भाग फोडतो असे मानल्यास १०० माणसे पुरतात. ‘हे मानवी हातांनी कसे शक्य झाले?’ या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या भागाकारात आहे.

आता १५ वर्षे वाया घालवून तेच काम उरलेल्या तीन वर्षांत उरकावयाचे, अशी कल्पना करू. मग रोज ६०० माणसे लागतील. परंतु माथ्यावरून खणलेल्या चरांत इतक्या माणसांना घण उगारण्यापुरती जागा तरी मिळेल काय? शिवाय बांधकामात चुकलेला दगड काढून दुसरा बसविता येतो. अखंड खडकात ती सोय नसते. वरचा थर कोरताना खालचा खडकच परांचीचे काम देतो, म्हणून प्रत्येक थराचे काम त्या त्या वेळीच पुरे करणे हिताचे ठरते. मागे राहिलेले काम नंतर केवळ मनुष्यबळ वाढवून भरून काढता येत नाही.

अजिंठ्याचा आवेग :
आवेगाचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. वॉल्टर स्पिंक यांच्या मते अजिंठ्याचा दुसरा कालखंड वाकाटक सम्राट हरिषेण याच्या आगेमागे, इ. स. ४६२ ते ४८० एवढ्या अल्पावधीत आटोपला. सर्व अभ्यासकांना हा कालक्रम मान्य नाही. तो स्वीकारल्यास मात्र असे दिसते की, हरिषेणाच्या निधनानंतर आश्रयदात्यांनी निदान बुद्धमूर्ती तरी पूर्ण व्हाव्यात म्हणून घाई केली. २४ व्या क्रमांकाचे भव्य लेणे अपूर्णच राहिले. आवेगातून अजिंठ्याची श्रेष्ठ कला निर्माण झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु आधार सुटताच काम थांबले, हेही तितकेच खरे.

अध्यापकीय संदर्भ :
प्रस्तुत लेखकाने आपला एम. फिल.चा लघुप्रबंध अखेरच्या सहा आठवड्यांत रात्री जागून पूर्ण केला. पदवी मिळाली, पण आज तो चाळताना घाईत लिहिलेली प्रकरणे चटकन ओळखू येतात. तपासावयाची राहिलेली साधने आता त्या पानांत घालता येत नाहीत. महाविद्यालयांच्या मूल्यमापनातही हेच घडते. नॅकने अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची आणि वार्षिक अहवालाची कल्पना मांडली, ती वर्षभर नोंदी व्हाव्यात म्हणून. प्रत्यक्षात समितीच्या भेटीपूर्वी महिनाभर दिवे जळतात आणि मागील वर्षांच्या नोंदी आठवून लिहिल्या जातात. यात सर्वाधिक हानी विद्यार्थ्याची होते, कारण त्या महिन्यातील तासिका त्याला परत मिळत नाहीत.

तथापि अध्यापकाचा रोजचा वेळ त्याच्या हाती नसतो, हे मान्य केले पाहिजे. परीक्षा, प्रवेश, निवडणुकीची कामे यांतून उरतो तो तुकडा. म्हणूनच रोजचा वाटा लहान ठरवावा : एक परिच्छेद, पाच उत्तरपत्रिका, एक नोंद.

निष्कर्ष :
आवेग सर्वस्वी त्याज्य नाही. कोकासच्या सात दिवसांशिवाय काम सुरूच झाले नसते. आरंभासाठी आवेग आणि सिद्धीसाठी सातत्य, असा त्यांचा संबंध आहे. पहिल्यावरच विसंबणे म्हणजे आरंभशूरता होय. कर्क सुवर्णवर्ष याच्या इ. स. ८१२-१३ च्या बडोदा ताम्रपटात, हे मंदिर पाहून त्याचा शिल्पी स्वतःच विस्मित झाला, अशा आशयाचे वर्णन आहे. रोजच्या १० घनमीटरांकडे पाहून कोणी विस्मित होत नाही. त्यांची बेरीज झाल्यावर मात्र ती करणाऱ्यालाही आपलीच कृती ओळखू येऊ नये, इतकी मोठी ठरते.